एका डोळ्याचे रंग

दाराशी रिक्षा थांबली तसा शीलाने मोठा कॅनव्हास घाईघाईने भिंतीकडे तोंड करून ठेवला. सासूबाईंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी आज निघाली होती.

भिकुबाई लेकाचा, हेमकांतचा, हात सोडून एकट्याच पायरी चढल्या आणि वळून समोरच्या पपईच्या बागेकडे बघत राहिल्या.

"कितलं हिरवंगार शे वं माय!"

शीलाने मान खाली घातली.

दिवाळीत डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, तेव्हा भिकुबाई सहज बोलून गेल्या होत्या, प्रकाशा गावाला तापी नदीचं पाणी चहासारखं दिसलं. शीलाने तो रंग लावून पाहिला आणि तिची निर्जीव वाटणारी अमूर्त चित्रं एकदम बोलू लागली. मग रोज दुपारी ती त्यांच्यापुढे रंगवलेले कागद धरायची. निळं मातकट दिसे, पांढरं जुन्या तुपासारखं, जांभळं आणि काळं एकच. तेच रंग ती कॅनव्हासवर शेजारी शेजारी मांडायची. हेमकांतने ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायची, "नाशिकचं प्रदर्शन होऊ द्या, मग मला त्यांच्याकडे नीट बघता येईल." मधे भिकुबाई न्हाणीघरात पडल्या, तरी ती तेच म्हणाली. प्रदर्शनात त्या चित्रांपुढून लोकांचा पाय निघत नव्हता.

हेमकांत औषधं आणायला गेला. भिकुबाईंनी स्वतःच कॅनव्हास वळवला. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"अश्शेच दिखे मले. बराबर अश्शेच."

"आई, तुमचं ऑपरेशन मीच लांबवलं." शीलाने कॅनव्हासकडे बोट केलं. "या चित्रांसाठी."

"मले मालूम शे." भिकुबाई खाटेवर टेकल्या. "मी बी हेमकांतले काही बोलनी नही. तुन्हा सासरा गया, तधळपासून मन्हाजोडे बशीसन कोनी काही इचारं नही. तू रोज इचारे."

शीलाने कॅनव्हास पुन्हा भिंतीकडे वळवला.

"डॉक्टर म्हने, डावा डोया पुढला महिनामा करू. मी नको सांगी दिनं. तुन्हं काम बाकी व्हई ना?"

शीलाने मोबाईल उचलला. डाव्या डोळ्याची तारीख घ्यायला दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडून "बोला" असा आवाज आला, तेवढ्यात मागून भिकुबाईंनी हळूच विचारलं,

"मंग तू दुपारले मन्हाजोडे येशी ना?"