खीर-वड्यांची पंगत

पितृपक्षात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, म्हणून अंबरनाथचं ते मंगल कार्यालय दरवर्षी पंधरवडाभर कुलूप लावून बसायचं. नव्वद साली मात्र ते भरलं. कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं आणि बसनं, ट्रकनं, पायी वाळवंट तुडवत जॉर्डन गाठलेली माणसं तिथून विमानानं अंगावरच्या कपड्यांनिशी परत आली. ज्यांना इथे घर होतं ती घरी गेली. ज्यांचं घर भाडेकरूंनी धरलेलं, ज्यांच्या मागे कुणी उरलं नव्हतं, अशी चौदा कुटुंबं कार्यालयाच्या हॉलमध्ये उतरली. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदारानं सतरंज्या दिल्या, कुणी तांदूळ टाकले, कुणी बटाटे. लग्नाचीच पातेली चुलींवर चढली आणि महिला मंडळाच्या बायका पाळीनं रांधायला येऊ लागल्या.

कुंदा मंडळाची चिटणीस. नवरा फॅक्टरीत ऑफिसर, मुलं शिकायला बाहेरगावी, हाताला काम हवंच होतं. स्वयंपाकाचा खरा भार मात्र ठमाबाईवर. सोनिवलीची ही बाई उभा जन्म लग्नांच्या पंगती रांधत आलेली. कुंदाच्या चपात्या बघून ती म्हणायची, "बाई, ही चपाती हाय का नकाशा? कुवेत कंच्या कोपऱ्यान हाय त तेवढं दाखवा." आणि हॉलमधल्या, ज्यांना हसू सुचू नये अशा बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसायच्या.

हसायची नाही ती एकटी सुनेत्रा. वधूपक्षाच्या खोलीत ती राहायची, मांडीवर चार महिन्यांची मुलगी. नवरा गुरुदत्त क्रेनवर मेकॅनिक. जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या छावणीत पोरंबाळं असलेल्या बायकांना आधी बसमध्ये घातलं, पुरुषांना म्हणाले, मागून या. बस सुटली तेव्हा तो पाण्याच्या रांगेत उभा होता. तिनं काचेवर हात आपटले, पण त्यानं काही मान वळवली नाही. त्याला अठरा दिवस झाले होते. पत्र नाही, तार नाही, विमानातून उतरलेल्यांच्या यादीत नाव नाही.

सुनेत्राच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि अंगावरचं दूध आटत चाललं होतं. लेकरू छातीला तोंड लावायचं, ओढून ओढून थकायचं आणि रडायचं. वरचं दूध दिलं की ओकून टाकायचं. डॉक्टर कुंदाला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आईला खायला घाला. बाकी औषध माझ्याकडे नाही."

म्हणून तीन दिवस कुंदा तिच्या मागे लागली होती. पेज कर, डिंकाचा लाडू आण, केस विंचरून दे, पाठीवरून हात फिरव. तिसऱ्या रात्री सुनेत्रानं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि कुंदाला वाटलं, जिंकलं. उद्या हिला पंगतीत बसवायचं.

तो दुसरा दिवस दशमीचा. सकाळीच विष्णुपंत टेम्पो घेऊन दारात. निवृत्त हेडमास्तर, बोलणं अजून फळ्यासमोर उभं असल्यासारखं. "वहिनी, आज आमच्या वडिलांची तिथी. चार ब्राह्मण, एक कावळा, एवढ्यावर कशाला थांबू? साठ पानांचं करून आणलंय. ही माणसं जेवली की वडील तृप्त."

डबे उघडले तसा वेलदोड्याचा वास हॉलभर गेला. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूचं फदफदं, गवार-भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. आठ दिवस बटाट्याच्या रश्शावर काढलेली पोरं डब्यांभोवती नाचू लागली. कुंदाला वाटलं, देवच पावला. ठमाबाई रेशनच्या रॉकेलसाठी शिरगावला गेली होती, यायला उशीर होता. कशाला थांबायचं? केळीची पानं मांडली. सुनेत्राला दंडाला धरून आणलं, पहिल्या पानावर बसवलं, तिची पोर स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं द्रोणात खीर वाढली, कडेपर्यंत.

सुनेत्रानं पानाकडे बघितलं. खीर बघितली, वडा बघितला, गवार बघितली. चटणीवर नजर गेली आणि तिथेच राहिली.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"काय गं?"

"तार आली ना? कधी आली?"

कुंदाला काही उमगेना. "कसली तार? जेव ना, गरम आहे."

"हे श्राद्धाचं पान आहे, कुंदाताई." आवाज अगदी साधा होता, कुणाला वेळ विचारावी तसा. "माझ्या सासऱ्यांचं मीच रांधायची दरवर्षी. मला कळत नाही होय?"

कुंदाच्या हातातला डाव खिरीच्या डब्यात पडला. पंगतीत अकरा बायका होत्या, त्यातल्या सहाजणींची माणसं अजून तिकडेच. एकीनं हातातला घास पानावर ठेवला. दुसरीनं पोराच्या तोंडातला वडा बोटानं काढला. पानांवर कढी पसरत गेली आणि तेवढीच हालचाल हॉलमध्ये उरली.

"नाही गं, नाही! विष्णुपंतांच्या वडिलांची तिथी आज. त्यांना विचार!"

विष्णुपंत पुढे आले. पांढरेफटक पडलेले, हात जोडलेले. "मुली, माझे वडील. एकसष्ट साली गेले. स्वतःच्या अंथरुणात. माझी अक्कल कुठे गेली होती कुणास ठाऊक."

"तुम्हाला शिकवून ठेवलंय यांनी," सुनेत्रा म्हणाली. मग कुंदाकडे वळली. "उगाच का तीन दिवस केस विंचरत होतात? पाठीवरून हात फिरवत होतात? कोण कुणाचं एवढं करतं? तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच."

पेजेचा प्रत्येक घोट, प्रत्येक लाडू, मायेनं केलेलं सगळं कुंदाच्या डोळ्यांदेखत साक्षीदारांच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहिलं.

"शपथ घेते, सुनेत्रा. या लेकराची शपथ."

"शपथ नको. मग म्हणा, हे जिवंत आहेत. एकदा म्हणा."

कुंदानं तोंड उघडलं. आजवर तिनं काय काय म्हटलं होतं, येतील हो, उद्याच्या विमानानं येतील, काळजी करू नकोस. आता खांद्यावर पोर, समोर ते पान. तिला माहीत नव्हतं. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला कळलं, की तिला काहीच माहीत नव्हतं.

दारात रॉकेलचा डबा आपटला. ठमाबाई. पंगत बघितली, पानं बघितली, बायकांची तोंडं बघितली, आणि तिला सांगावं लागलं नाही. ओल्या पायांनी चालत ती सुनेत्रासमोर उकिडवी बसली.

"हिला नाय ठावं, बाय," ती म्हणाली. "मला पन नाय. हितं कुनालाच नाय. तार नाय आली, चिठी नाय आली. तुजा घरवाला जित्ता हाय का नाय, ह्ये सांगनारा अजून कुनी आला नाय. येवढंच खरं हाय. बाकी हे मास्तर न् ही बाई, दोगंबी शानी मानसं, पन आज येडी झाली."

सुनेत्रा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांतलं काहीतरी सुटलं आणि ती ढसाढसा रडली, अठरा दिवसांत पहिल्यांदा. ठमाबाईनं तिला उगी केलं नाही. हात पुढे करून ते पान तेवढं दुमडलं आणि उचलून नेलं.

लेकरू कुंदाच्या खांद्यावर किरकिरू लागलं. सुनेत्रानं पदरानं तोंड पुसलं.

"तांदूळ कुठे आहेत?"

"मी करते ना, साधा वरणभात, आत्ता करते," कुंदा गडबडली.

"नको. आज कुणाच्या हातचं नको मला."

ती स्वयंपाकघरात गेली. एवढाल्या पातेल्यांमधून एक लहानसं भगुणं शोधलं. तांदळाच्या पोत्यात हात घातला. एक मूठ घेतली, दुसरी घेतली. हात जरा थांबला. मग पुन्हा पोत्यात गेला आणि आणखी दोन मुठी घेऊन आला. तिनं तांदूळ धुऊन चुलीवर चढवले. कुंदा दारातून बघत होती. आत पाऊल टाकायची तिची हिंमत झाली नाही.

भात शिजला. सुनेत्रानं तिथेच फरशीवर बसून, मीठ-तेल घालून, घास घास खाल्ला. मध्ये एकदा ठसका लागला तेव्हा ठमाबाईनं तांब्या पुढे सरकवला. खाऊन झाल्यावर तिनं उरलेला अर्धा भात एका ताटलीत काढला, वर दुसरी ताटली पालथी घातली आणि ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवून ठेवला. मग हात धुऊन, कुंदाकडे न बघता, तिच्याकडून पोर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली.

दुपारी भांडी घासायला बायका आल्या. एकीनं ओट्यावरच्या ताटलीकडे हात नेला.

"ते राहू दे," कुंदा म्हणाली. "तिच्या नवऱ्याचा वाटा आहे तो."