सात नंबरची जागा

प्राणिसंग्रहालयात दोन प्रकारचे जीव असतात. ज्यांची सकाळी हजेरी घेतात ते, आणि जे घेतात ते. नोंदणी विभागातली कारकून बाई दुसऱ्या प्रकारात मोडत होती. तिला सगळे नोंदबाई म्हणत, तोंडावरही आणि पाठीमागेही. असं भाग्य तिथे दुसऱ्या कोणाचं नव्हतं. साहेबांना पाठीमागे काय म्हणत ते इथे छापण्याजोगं नाही.

सकाळी आठला रखवालदार कार्यालयाच्या पायरीपाशी उभे राहत. नोंदबाई नंबर पुकारी आणि ज्याच्या ताब्यात तो प्राणी, तो "हजर" म्हणे. माकडवाला सुरात म्हणे, सापवाला कुजबुजे. अस्वलाचे हळूकाका उत्तराला एवढा वेळ घेत, की तोवर पुढचे दोन नंबर उरकून जात. ते सगळंच हळू करत. आठ वर्षं अस्वलाच्या खड्ड्यावर काढल्याने त्यांना एक खोडही जडली होती. रांगेत उभे असले तरी ते या पायावरून त्या पायावर भार टाकत डुलत राहत. खड्ड्यातलं अस्वलही दिवसभर असंच डुले. लोक म्हणत, नाचतंय. टाळ्या वाजवत. हळूकाकांना कोणी टाळ्या वाजवत नसे, एवढाच काय तो फरक.

अस्वलाचं नाव शेठ. पोट पुढे काढून, भिंतीला पाठ टेकून तो असा बसे, जणू दुकान उघडलंय आणि गिऱ्हाईक काही फिरकत नाही. फाटकावर शेठचं चित्र, तिकिटावर शेठ, पाण्याच्या बाटलीवरही शेठ. चित्रातला गुबगुबीत. खड्ड्यातल्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गज चावून चावून सुळ्यांची खुंटं झालेली, मागच्या अंगाचे केस गेलेले. त्याच्या येरझाऱ्यांनी सिमेंटमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चर पडला होता. खड्डा धुतला की पाणी आधी त्या चरात साचे आणि शेठ त्यातूनच पचक पचक चालत राही.

नोंदबाईच्या वहीत मात्र शेठला ना मोतीबिंदू, ना टक्कल. 'अस्वल, नर, क्रमांक ७.' कालची शिल्लक एक, आवक शून्य, जावक शून्य, मृत्यू शून्य, आजची शिल्लक एक. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो कोरा. रोज दुपारी बाराला ती हा आकडा संगणकावरून मुख्य कार्यालयाला पाठवी. गेलेला आकडा माघारी येत नसे. ही खुर्ची दोन वर्षांपूर्वीपर्यंत तीस वर्षं तिच्या सासऱ्यांची होती. सूनबाईने रीतसर परीक्षा देऊन ती मिळवली, तरी लोक म्हणायचे ते म्हणालेच. घरात चूल एक, आता वहीही एकच.

मंगळवारी महिनाअखेर म्हणून ती फाटकावरची वही आपल्या वहीशी ताडून बघायला बसली. फाटकावरचा पहारेकरी हौशी. साधा फिनेलचा डबा आला तरी तो त्याचा रंग लिही. सोमवारच्या पानावर त्याने लिहिलं होतं, 'खोका १. लाकडी. भोकं पाडलेली. आतून फुरफुर.'

नोंदबाईने आपली वही मागे-पुढे चाळली. फुरफुर कुठेच जमा नव्हती.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब रविवारच्या कार्यक्रमाची यादी बघत होते. संग्रहालयाला पन्नास वर्षं होत होती. दर दहा वर्षांनी पाहुणे खड्ड्याच्या कठड्याला टेकून उभे राहत, खाली शेठ पावासाठी दोन पायांवर उभा राही आणि फोटो निघे. असे चार फोटो साहेबांच्या मागे चौकटीत टांगलेले होते.

"साहेब, काल एक खोका आलाय. आवकमध्ये चढला नाही."

"चढेल."

"नंबर काय देऊ?"

"नंबर आहे की. सात."

"सात शेठचा आहे."

साहेबांनी कपावर बशी झाकली. चहा गार होऊ नये याची त्यांना फार काळजी असे. "मग? होईल मोकळा. घाई कसली आहे?"

नोंदबाईची नजर त्यांच्या डोक्यावरून फोटोंकडे गेली होती. दोन वर्षं ती त्या भिंतीसमोर उभी राहत आली होती, पण पाहुण्यांच्या टोप्यांखाली तिने कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या फोटोतल्या अस्वलाच्या छातीवरचं पांढरं चांदवं विळ्यासारखं रुंद होतं. दुसऱ्यात बारीक. तिसऱ्यात मधोमध तुटलेलं. चौथ्यात डावीकडे कललेलं. अस्वलाच्या छातीवरचं चांदवं म्हणजे माणसाची सही. वय झालं म्हणून कोणाची सही बदलत नाही.

खड्ड्यात आज होता त्याचं डावीकडे कललेलं होतं.

कोठाराच्या मागच्या बंद शेडपाशी तिला हळूकाका भेटले. डुलत होते.

"आत काय आहे काका?"

"तुम्हीच बघा बाई. माझ्या तोंडून कशाला?"

तिने फटीला डोळा लावला. पलीकडून ओलं, गरम नाक तिच्या बोटांशी आलं आणि भराभर वास घेऊ लागलं. मग दोन काळे डोळे वर झाले आणि थेट तिच्या डोळ्यांत बघू लागले. शेठने कधी कोणाकडे असं पाहिलं नव्हतं. अंगावर केसांचं रान, आणि छातीवर पूर्ण गोलाईचं नवं कोरं चांदवं.

"अजून बघतोय," हळूकाका म्हणाले. "नवी जनावरं चार-सहा महिने बघतात. मग सोडून देतात."

"आणि शेठ?"

काकांनी या पायावरून त्या पायावर भार टाकला. "गुरुवारी सकाळपासून उपाशी ठेवा म्हणालेत. चारला डॉक्टर येणार. पोटात काही असलं की सुईने ओकारी होते."

घरी सासरे वाटाणे सोलत होते. निवृत्तीनंतर त्यांनी कुठलंच काम सोडलं नव्हतं, फक्त कामाचा आकार लहान केला होता. ओले दाणे एका पातेल्यात, किडके बशीत.

"बाबा, शेठ किती झाले?"

"किती म्हणजे? शेठ एकच."

"फोटोत चार आहेत."

त्यांनी बशीतला एक किडका दाणा बोटाने उगाच इकडून तिकडे केला. "दोन माझ्या हातचे," ते म्हणाले. "एक माझ्या आधीचा, चौथा खड्ड्यात. तू मोजलेस ते बरोबर आहेत."

"मृत्यूच्या रकान्यात एकही नाही."

"मृत्यू दाखवला की चिरफाड येते, तीन सह्या येतात, वरून चौकशी येते. अस्वल कशाने मेलं? तर खड्ड्याने, असं लिहायचं का? पहिल्या वेळी तेव्हाचे साहेब म्हणाले, काही लिहू नका. मी म्हटलं, न लिहायला काय लागतं?" त्यांनी चष्मा काढला. "अगं, मी कोणाला मारलं नाही. मी फक्त लिहिलं नाही."

"तेच म्हणतेय मी."

"तू काय करणार आहेस?"

"लिहिणार आहे."

सासऱ्यांनी पातेलं तिच्याकडे सरकवलं. "मग नीट खाऊन घे," ते म्हणाले. एवढंच.

गुरुवारी सकाळी तिने फाटकावरच्या वहीवर पहारेकऱ्याची सही घेतली. त्याला आपल्या साहित्याची कोणी दखल घेतली याचाच आनंद झाला. मग वहीतलं शिक्का मारलेलं आजचं पान उघडून तिने नवी ओळ आखली. 'अस्वल, नर, क्रमांक ३१. आवक एक.' बेरीज केली. अस्वलं, आजची शिल्लक, दोन. बारा वाजता आकडा गेला. आता सातचा नंबर गुपचूप मोकळा होणं शक्य नव्हतं. सात मेला तर मेला असंच लिहावं लागणार होतं. चिरफाड होणार, सुईचं औषध अंगात सापडणार. नोंदबाईने पेनला टोपण लावलं. आपण कोणाच्या तरी नावावर दोन दिवस जमा केले असं तिला वाटलं, आणि ते वाटणं फार तर अर्धा तास टिकलं.

साहेबांनी बोलावलं. ती आरडाओरडा ऐकायच्या तयारीने गेली. साहेब हसत होते.

"वरून फोन होता. अभिनंदन म्हणाले, दोन अस्वलं झाली म्हणून. बसा ना."

ती उभीच राहिली.

"डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवलंय. तुमचं काम चोख आहे हं. सासऱ्यांपेक्षा चोख." त्यांनी कपावरची बशी काढली, पाहिलं, परत झाकली. "आता अडचण एकच. अस्वलं दोन, खड्डा एक. शेडमध्ये एका प्राण्याला किती दिवस कोंडायचं? बरं दिसत नाही ते. चारला सोडा त्यालाही खाली."

"साहेब, दोन्ही नर आहेत. एक म्हातारा, आंधळा."

"जनावरं आहेत. जमवून घेतील. नाही जमलं तर तुमच्या वहीत रकाना आहेच की. मृत्यू एक, शेरा, आपसांतील झुंज. चिरफाडीत दाताच्या खुणा मिळतील. अगदी नियमात."

सुईने निदान झोप तरी आली असती. तिने सत्य लिहिलं होतं, आणि त्या सत्याने शेठची सुई काढून घेऊन त्याच्यासमोर दात आणून ठेवले होते.

"लेखी द्या," ती म्हणाली.

"तोंडी पुरतं."

चारला दहा मिनिटं कमी असताना तिने शेऱ्याच्या रकान्यात, अजून काही घडलेलं नसताना, बारीक अक्षरात लिहिलं. 'साहेबांच्या तोंडी हुकुमावरून चार वाजता क्र. ३१ यास क्र. ७ च्या खड्ड्यात सोडत आहोत. क्र. ७ सकाळपासून उपाशी.' मग वही काखेत मारून ती खड्ड्यापाशी गेली. सहलीच्या मुलांना माकडांकडे वळवलं होतं. कठड्यापाशी फक्त साहेब होते, आणि कोठीवाला, हातात एकच ताट घेऊन.

"नव्याला दिलंत का सकाळी काही?" तिने हळूकाकांना विचारलं.

"नाही. त्यालाही नका देऊ म्हणाले."

सरकतं दार वर गेलं. एरवी हळूकाका साखळी ओढायला जेवढा वेळ लावत त्याच्या दुप्पट आज लावला. शेडमधून आणलेला नवा बाहेर आला, उन्हात थबकला, नाक वर केलं. चरात येरझाऱ्या घालणारा शेठ मध्येच थांबला. डोकं हलायचंही थांबलं.

"थांबला," हळूकाका म्हणाले. "आठ वर्षांत पहिल्यांदा." आणि ते स्वतःही डुलायचे थांबले आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेठ मागच्या पायांवर उभा राहिला. पांढरे डोळे भलतीकडे, तोंड उघडं, आत खुंटं. घशातून एक आवाज निघाला, जुनं कपाट फरशीवरून ओढावं तसा. नवा दोन पावलं मागे सरला. भिंतीला टेकला. खाली बसला. एवढंच झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, गाडी उशिरा येईल पण येईल, अशा चेहऱ्याने.

"भूक लागली की उठतील," ते म्हणाले. "ताट टाका. मधोमध."

कोठीवाल्याने ताट उचललं.

"थांबा," नोंदबाई म्हणाली. तिने वही उघडून कठड्यावर ठेवली. "कोठीतून खाणं शिल्लकेप्रमाणे निघतं. शिल्लक दोन आहे. एक ताट गेलं तर तुमची वही माझ्या वहीशी जुळणार नाही. सही तुमची असते ना?"

कोठीवाला आयुष्यात एकाच गोष्टीला भ्यायचा, वही न जुळण्याला. त्याने साहेबांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि दुसरं ताट आणायला गेला. हळूकाकांनी दोन्ही ताटं खड्ड्याच्या दोन टोकांना सोडली. दोघांनी पाठीला पाठ करून खाल्लं.

"छान," साहेब म्हणाले. "आजचं झालं."

घरी सासरे दारातच होते. "किती?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. "आणि उद्या?"

शुक्रवारी ती वीस मिनिटं लवकर गेली. आधी खड्ड्यावर. शेठ चरात चालत होता, कानामागे रक्ताची एक सुकलेली रेघ. नवा त्याच भिंतीपाशी बसला होता, आणि त्याचं डोकं अगदी थोडं, वाऱ्याने हलावं इतपत, डावीकडून उजवीकडे हलत होतं. चार-सहा महिने, असं हळूकाका म्हणाले होते. एकच रात्र झाली होती.

कार्यालयात तिच्या टेबलाशी दुसरी खुर्ची लावलेली होती. खुर्चीत एक पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. साहेब शेजारी उभे होते, हातात कप.

"हे कारकून. मुख्य कार्यालयाकडून आलेत. तुमच्याकडून काम शिकून घेतील."

"जागा एकच आहे साहेब."

साहेबांनी कपावर बशी झाकली. "होईल मोकळी."

गृहस्थांनी नम्रपणे नमस्कार केला. त्यांना काही ठाऊक नव्हतं. खोक्यातून उतरणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. नोंदबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे अजून समोरच्याच्या डोळ्यांत बघत होते.

आठ वाजायला पाच मिनिटं होती. तिने वही उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"चला."

"हजेरी इथेच पायरीवर घेतात ना? असं साहेब म्हणाले."

"पायरीवर नुसतं 'हजर' ऐकू येतं."

ती त्यांना खड्ड्यापाशी घेऊन गेली. इस्त्रीच्या शर्टाला गंज लागू नये म्हणून ते कठड्यापासून वीतभर लांब उभे राहिले. तिने त्यांना कोपराला धरून पुढे केलं. साहेब कप घेऊन कार्यालयाच्या पायरीवर येऊन बघत होते. हळूकाका झाडू हातात धरून उभे होते, परत डुलत.

"मोजा," ती म्हणाली.

ते जरा हसले. "दोन."

"मोठ्याने."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायरीकडे. हसू गेलं. खाली शेठ चर संपवून वळला. नव्याने मान फिरवून त्याच्या पावलांकडे पाहिलं. खिशातल्या दोन पेनांवर गृहस्थांचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"आता साहेबांना ऐकू जाईल असं," नोंदबाई म्हणाली, आणि त्यांच्या हातातली वही घेऊन आजचं पान त्यांच्यासमोर उघडून धरलं. शिल्लक या शब्दापुढची जागा कोरी होती.