काजूचा जोडीदार

कान्हे गावात कुणाच्या कोंबड्या एकमेकींना टोचायला लागल्या, की लोक चाँदभाईला हाक मारत. नवी कोंबडी जुन्या खुराड्यात रुळवावी ती त्यानंच. दिवेलागण झाली, की तो तिला हळूच आत सोडायचा आणि वर पोतं टाकायचा. अंधारात कोंबडीला दिसत नाही. उजाडेपर्यंत सगळ्या एकमेकींना सरावलेल्या असत, आणि भांडण बहुतेक तिथंच मिटे.

त्याच्या लेकीचं, रुमाईसाचं, दुखणं मात्र वेगळं होतं. चाँदभाई खंडाळ्याच्या एका बंगल्यावर अंडी पोचवायचा. तिथल्या बाईंनी बंगला बंद करताना आपले दोन गिनीपिग तिला दिले होते, काजू आणि बदाम. पिंजरा पडवीत असे. एका दुपारी शेजारच्या बजरंगचा कुत्रा पडवीत घुसला आणि पिंजऱ्यावर पंजे टेकून भुंकत राहिला. चाँदभाईची बायको हसिना काठी घेऊन धावेपर्यंत बदाम भेदरून मेला होता. त्याला दातही लागला नव्हता. तेव्हापासून काजू कोपऱ्यात तोंड घालून बसे. कोथिंबीर पुढं धरली तरी हुंगायचा नाही. रुमाईसाही अर्ध्या ताटावरून उठून त्याच्यापाशी जाऊन बसायची.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी काजूला उलटसुलट करून पाहिलं.

"हे एकटं राहणारं जनावर नाही. जोडीदार आणा. पण एकदम एकत्र सोडू नका. मध्ये जाळी लावून काही दिवस नुसतं बघू द्या, वास घेऊ द्या. मग दोघांनाही नवख्या, मोकळ्या जागेत सोडा. याच्या पिंजऱ्यात नको. ते याचं घर आहे."

चाँदभाईनं मान डोलावली. रुमाईसानं शब्दन् शब्द ऐकला.

येताना दुकानातून पांढरा नर आणला. त्याचं नाव पिस्ता.

"अब्बा, जाळी कधी लावायची?"

"जाळीबिळी शेरातल्या लोकांना लागती. तुझ्या बापानं अख्ख्या गावाच्या कोंबड्या नांदवल्यात."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरानं कधी खुराडं झाडलंय का?"

पडवीत टेकलेले शेजारचे अंबाजीआबा हसले. "चाँदभाई, आता उंदरांचीबी लग्नं जुळवतोस व्हय रं?"

"जुळवतो की. तुमी जेवायला या, आबा."

रुमाईसा हसली नाही. "काजूला काही होणार नाही ना?"

"मी हाय न्हवं?"

तेवढ्यावर तिनं पिंजऱ्याच्या दारावरचा हात काढला.

दिवे लागल्यावर त्यानं पिस्त्याला काजूच्या पिंजऱ्यात सोडलं आणि वर पोतं टाकलं. आत सळसळ झाली, मग कटकट आवाज येऊ लागला.

"अवो, दात वाजवत्यात ते," हसिना म्हणाली.

"वळख होतीय. हात लावू नको."

थोड्या वेळानं आवाज थांबला. चाँदभाईनं बायकोकडे 'बघ' अशा नजरेनं पाहिलं.

गिनीपिगाला अंधार अडवत नाही. आपल्या घरात परका शिरलाय, हे त्याला वासानं कळतं, आणि पिंजऱ्यात पळायला जागा नसते. सकाळी पोतं उचललं तेव्हा गवत लाल झालं होतं. पिस्त्याचा ओठ फाटला होता. काजूच्या मानेवर खोल चावा होता. चाँदभाईनं पोतं परत टाकायला हात उचलला, पण रुमाईसा पाठीमागंच उभी होती.

डॉक्टरांनी टाके घातले. ते रागावले नाहीत. त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं चाँदभाईला वाटलं. घरी आल्यावर त्यानं पिंजऱ्याच्या मधोमध जाळी बसवली. औषध पाजलं, खाणं भिजवून पिचकारीनं भरवलं. पिस्ता जाळीपाशी येऊन कुईकुई करायचा. काजू वळून बघत नसे. जखम आतून चिघळली, आणि ज्या दिवशी रुमाईसा शाळेतून येऊन थेट पडवीत गेली, त्या दिवशी काजू थंड पडला होता.

मग पिस्ता कोपऱ्यात तोंड घालून बसू लागला.

"दुसरा आणतो," चाँदभाई म्हणाला. "या वक्ताला डॉक्टर सांगतील तसंच करीन. खरंच."

"नको."

"एकटा झुरंल गं."

"म्हणूनच त्याला दुकानात देऊन या. तिथं दुसरे आहेत. आपल्याकडं नको, अब्बा."

दुकानदारानं पिस्त्याचा ओठ पाहिला. "चावका दिसतोय. बाकीच्यांत नाही सोडता येणार." त्यानं त्याला एका छोट्या खोक्यात घालून खालच्या फळीवर ठेवलं. शेजारच्या पिंजऱ्यात कुत्र्याची पिल्लं जाळीला नखं घासत होती. पिस्ता खोक्याच्या भिंतीला चिकटला. चाँदभाईनं खोक्याकडे हात नेला, मग मागे घेतला. न्यायचं म्हटलं तरी न्यायचं कुठं?

तो घरी आला तेव्हा रुमाईसा दारातच होती.

"दुसऱ्यांत सोडलं त्याला?"

"व्हय."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग वळून आत गेली.