डाव्या बाजूची शिवण

वर्षात तिसऱ्यांदा मास्तरांच्या पोटात कळ उठली आणि गोळ्यांनी हात टेकले. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवलेला माणूस, पण स्वतःच्या पोटाला कात्री लागणार म्हटल्यावर रुसून बसला.

सर्जनबाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं. "याला बारीक बारीक फुगे आलेत, तेच सारखे सुजतात. तेवढा तुकडा कापायचा आणि टोकं जोडायची. सूज फार असली, तर लगेच जोडता येत नाही. मग काही महिने पोटावर पिशवी, आणि नंतर पुन्हा जोड."

"पिशवी नको," मास्तर म्हणाले. "तेवढं लिहून द्या, तरच सही करतो."

"उघडून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

शेजारी बसलेल्या बायकोने पदर तोंडाला लावला. जुना कोट घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तर हेच ऐकवायचे, उसवल्याशिवाय सांगता येत नाही म्हणून. विरलेल्या कापडावर टाका धरत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. शेरास सव्वाशेर भेटली होती. त्यांनी सही केली, पण घरी येऊन म्हणाले, "पिशवी लागली तर मी दुकानात पाय ठेवणार नाही. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावायचा आणि आपल्या कमरेला हे!"



ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने पँटचा पट्टा कुठे येतो ते विचारून, पिशवी लागलीच तर म्हणून, डावीकडे पेनने खूण केली. "खडूने करायची," मास्तर करवादले, "पेनाचा डाग जात नाही." बायकोने गुपचूप बेंबीपासून खुणेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजून घेतलं.

शुद्धीवर आल्यावर मास्तरांचा हात आधी तिथेच गेला. पिशवी होती. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि घरी जायच्या दिवसापर्यंत धड कोणाशी बोलले नाहीत.

त्या दिवशी बायकोने त्यांची राखाडी पँट पुढे केली. डाव्या बाजूचा पट्टा उसवून तिथे मऊ कापडाचा तुकडा जोडला होता, पिशवीला ऐसपैस जागा होईल असा. शिवण कसली, शेपटीवर पाय पडलेलं मांजर पळावं तशी गेली होती. तुझ्या हाताला सरळ रेघ येत नाही म्हणत मास्तरांनी ज्या बाईला जन्मात मशीनला हात लावू दिला नाही, तिच्या अंगठ्यावर सुई घुसल्याची खूण होती.

"तीनदा उसवली हो," ती म्हणाली. "हसू नका."

मास्तर हसले नाहीत. त्यांना रडू आलं. पँट घातली, ती बरोबर बसली, आणि पंधरवड्याने तीच घालून ते दुकानात जाऊन बसले.

पाच महिन्यांनी आतडं जोडलं, पिशवी गेली. बायको कात्री घेऊन आली. "द्या ती पँट. तो तुकडा काढते, लोक हसतील."

मास्तरांनी पँट मांडीखाली दाबून धरली.

"राहू दे," ते म्हणाले. "शिवण चांगली धरलीय."