अकराव्या वर्षाची सभा

आमच्या गल्लीचा उत्सव आम्ही सुरू केला नाही, नगरपालिकेने केला. ज्याचं श्रेय त्याला द्यावं.

बंद पडलेल्या बटणांच्या कारखान्यात आम्ही राहायला आलो, त्याला तीस वर्षं झाली. आम्ही म्हणजे घरच्यांनी ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असं बजावलेले आणि ते मनावर घेतलेले लोक. कुणी नवरा सोडून आलेली, कुणी देव सोडून आलेला. दोन शिंपी तर एकमेकांशीच संसार थाटून आलेले. पहिल्याच वर्षी पालिकेच्या माणसांनी आमचं सामान उचलून गल्लीत आणून ठेवलं. जेवणाची वेळ झाली होती, टेबलं आयतीच बाहेर होती. आम्ही जेवायला बसलो. पुढच्या वर्षी त्याच तारखेला टेबलं आम्हीच बाहेर काढली, उगाच त्यांच्या माणसांच्या कमरा धरायला नकोत म्हणून. झाला उत्सव सुरू.

यंदा पालिकेत नवे साहेब आले. आमच्या गल्लीत गाड्या उभ्या करायची जागा आखायची, असं त्यांच्या मनात. पण तीस वर्षं अखंड चाललेल्या उत्सवाची जागा घेता येत नाही, असा त्यांचाच नियम. “पुरावा आणा,” म्हणाले. सभांची वही माझ्याकडे, त्यामुळे ते लोढणं माझ्याच गळ्यात.

घोडं अडलं अकराव्या वर्षापाशी. आमच्यात अध्यक्ष नाही. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरत नाही आणि सभाही उठत नाही. त्या वर्षी उत्सवात भोंगा लावायचा की नाही, यावर आमच्यातला घड्याळजी एकटा ‘नको’ म्हणून अडून बसला. तीन दिवस गल्लीत टेबलं मांडून सभा चालली आणि त्यात उत्सवाची तारीखच उलटून गेली. वहीत माझ्याच अक्षरात होतं : ‘उत्सव झाला नाही. एकमत नाही. सभा चालू.’

“एक ओळ तर खोडायचीय, लेखकराव,” थोरला शिंपी म्हणाला. “जन्मभर लोकांची टोपी उडवलीत, एवढं जमणार नाही?”

“खबरदार!” सुतारीणताई कडाडली. गल्लीतली निम्मी टेबलं तिच्या हातची. “खोटं वागून जगायचं असतं तर माहेरीच राहिले असते की मी. तिथे नळाला पाणी तरी होतं!”

वही होती तशी नेली. साहेबांनी नेमकं तेच पान वाचलं.

“खंड पडलाय. उत्सवाला परवानगी नाही. उत्सवाच्याच दिवशी पट्टे मारायला माणसं पाठवतो.”

“आणि रहिवाशांच्या सभेला, साहेब?”

“सभेला कसली परवानगी? बसा की हवं तेवढं.”

परत येऊन सांगितलं. मग सुतारीणताईने वही ओढून घेतली.

“अकराव्या वर्षाची सभा उठली कधी?”

पानं चाळली. उठलीच नव्हती. बाराव्या वर्षी आणून ठेवलेला भोंगा आपणहून जळाला, वाद थंडावला, सभा उठवायची राहून गेली.

ठरल्या दिवशी सकाळीच टेबलं बाहेर आली. रंगाचे डबे घेऊन दोन रंगारी आले, त्यांच्यामागून साहेब.

“हे काय चाललंय?”

“सभा,” ताई म्हणाली. “तुम्हीच म्हणालात ना, बसा म्हणून.”

“विषय?”

“भोंगा असावा की नसावा.”

“संपणार कधी?”

“एकमत झालं की. भोंगा हवा म्हणणाऱ्यांनी हात वर करा रे!”

भराभर हात वर झाले. साहेबांचा चेहरा खुलला.

घड्याळजी आता ऐंशीचा. त्याने खिशातून घड्याळ काढलं, सावकाश किल्ली दिली, कानाला लावून पाहिलं.

“मला मान्य नाही,” तो म्हणाला. “आणि माझी तब्येत ठणठणीत आहे.”

धाकट्या शिंप्याने रंगाऱ्यांकडे दोन खुर्च्या सरकवल्या. डबे खाली ठेवून ते बसले. साहेब उभेच होते. मी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं : ‘सभा चालू.’