हरवलेली वीस तारीख

बारावा महिना लागून दोनच दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सून दाराला नववर्षाच्या पाइनच्या डहाळ्या बांधताना दिसली, तेव्हा ओकिसाआजीला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

“अगं, वर्ष संपायला अख्खा महिना आहे!”

“संपलं, सासूबाई. तोक्योहून हुकूम आलाय. चंद्राचं पंचांग बंद, गोऱ्यांचं सुरू. आज मेइजी बादशहांच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षाची पहिली तारीख.”

“मग वीस तारीख कुठे गेली? बाराव्याच्या विसाव्याला तुझ्या सासऱ्यांचं श्राद्ध असतं!”

सून पुढची डहाळी बांधू लागली. आजी दुपारी फणफणत देवळात गेली. भिक्षू एन्काईंनी जुनं पंचांग चाळलं, नवं चाळलं आणि टक्कल खाजवलं.

“जुन्या हिशेबाने करा, आजी. किंवा नव्या वर्षाचा बारावा महिना येईलच की.”

“नक्की कधी, महाराज?”

“खरं सांगू? मलाच कळेना.”

परतताना संध्याकाळ झाली. पहिल्या तारखेच्या आभाळात तिजेची कोर खुशाल लटकत होती. आजीने तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि घरी येऊन शेगडीवर तारली भाजायला घेतली. भाजलेला मासा तिने देव्हाऱ्यातल्या, नवऱ्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या नावाच्या पाटीपुढे ठेवला.

सून किंचाळली, “सासूबाई! तिथे मासा?”

“मासा वर्ज्य श्राद्धाला,” आजी म्हणाली. “ते गेले तो दिवसच सरकारने काढून टाकलाय. म्हणजे यंदा ते गेलेच नाहीत. आणि माशावाचून त्यांना घास उतरत नाही.”