चौथ्या ओळीवरचा डाग

मी एक फळा आहे. जबलपूरजवळच्या महाराजपूरच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या ओसरीत, दाराच्या डाव्या हाताला, दोन खिळ्यांवर टांगलेला. लांबी चार फूट, उंची अडीच. मापं आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या गोष्टीत कुठे काय लिहिलं होतं याला महत्त्व आहे.

माझा जन्म एका मोडक्या दारातून झाला. सुताराने दाराच्या फळ्या रंधून जोडल्या, मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या. रंगाऱ्याने काळ्या रंगाचे दोन हात दिले. तिसरा हात द्यायचा राहिला होता. "पुढच्या आठवड्यात येतो," म्हणून तो गेला, तो गेलाच. दोन हातांचा फळा दिसायला काळाभोर असतो, पण आतलं लाकूड तहानलेलं राहतं. एकच शब्द एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिला, की खडू आत मुरतो आणि फडक्याने निघत नाही. हा माझा जन्मदोष. पुढे तोच कामाला आला.

सुरुवातीला मी प्रौढांच्या वर्गासाठी होतो. वस्तीतली बहुतेक कुटुंबं नागपूर-भंडाऱ्याकडून कारखान्याच्या कामावर आलेली. राज्यांच्या हद्दी बदलल्या, नागपूर तिकडे मराठी राज्यात गेलं, जबलपूर इकडे हिंदी राज्यात राहिलं, आणि ही माणसंही इकडेच राहिली. पोरं शाळेत हिंदी शिकू लागली. म्हणून वाचनालय सांभाळणाऱ्या गुलाबरावांचा हट्ट होता, की निदान या ओसरीत मराठी लिहायचं.

संध्याकाळी ते बायांना अक्षरं शिकवत. त्यात कलावती होती. बाराखडी तिने भराभर उचलली. जोडाक्षरं आली तशी अडली.

"गुरुजी, एका अक्षराच्या डोक्यावर दुसरं काहून बसवता? बाजूले जागा नाही का?"

गुलाबरावांनी तेच अक्षर पुन्हा गिरवायला दिलं. कलावतीने जोडाक्षरांपाशीच शाळा सोडली.

तिचा नवरा अंबादास. वय सेहेचाळीस, कारखान्यात घणाच्या खात्यात वीस वर्षं झालेली. शिक्षण चौथी. बाकीचं सगळं त्याने वाचनालयातल्या वर्तमानपत्रांवर, जुन्या मासिकांवर स्वतःच करून घेतलं होतं. त्याला चित्रपटांचं वेड होतं, पण वेड्यासारखं नाही; हिशेबनीस जमाखर्च बघतो तसा तो चित्रपट बघायचा.

नवा चित्रपट शुक्रवारी लागायचा. अंबादास पाळी सुटली की सायकलने शहरात जायचा, संध्याकाळचा खेळ बघायचा, आणि शनिवारी सकाळी कामावर जाण्याआधी माझ्यावर निकाल लिहायचा. रविवारी घरदार टांग्यात घालून टॉकीजला न्यायचं, म्हणजे सोपं नव्हतं. चित्रपट फसला तर आठवड्याची एकच सुटी फुकट. त्यामुळे वस्ती माझ्यापुढे उभी राहून वाचायची आणि मगच ठरवायची.

त्याची पद्धत ठरलेली. सुतळीला खडू चोळायचा, ती माझ्या छातीवर ताणून धरायची आणि टिचकी मारायची. पांढरी रेघ उमटे. अशा चार रेघा, चार बोटांच्या अंतराने, दर आठवड्याला त्याच जागी. पहिल्या ओळीवर गोष्ट, दुसरीवर काम, तिसरीवर गाणी, चौथीवर आवाज. सगळ्यात खाली, रेघेशिवाय, जागा मिळेल तसा निकाल. निकाल तीनच प्रकारचे: 'सहकुटुंब पाहावा', 'एकट्याने पाहावा' आणि 'घरी बसावं'.

चित्रपटाचं नाव अगदी वर, दर वेळी वेगळं. ते नीट पुसलं जायचं. म्हणून मला नावं आठवत नाहीत. त्याची वाक्यं मात्र आठवतात.

एका डाकूपटावर त्याने लिहिलं होतं, "डाकू चांगला आहे, पोलीसही चांगला आहे. मग भांडण कशाचं, ते शेवटपर्यंत कळत नाही. काम घोड्याचं उत्तम."

एका कौटुंबिक चित्रपटावर, "नायिका सात वेळा रडते. पाच वेळा कारण आहे."

एका रहस्यपटावर, "खुनी अर्ध्या तासात ओळखू येतो, पण इतका सभ्य आहे की आपलंच चुकलं असं वाटत राहतं. एकट्याने पाहावा."

लोक वाचून हसायचे आणि त्याचं ऐकायचे. कलावती मात्र पाण्याची घागर घेऊन समोरून जाताना टोमणा मारायची. "साऱ्या वस्तीले सांगता सहकुटुंब, अन् सोता एकटेच जाता."

"मी का मजा कराले जातो? काम असते ते," अंबादास म्हणायचा.

"अच्छा. काम."

त्या वर्षी दिवाळी ते होळी अकरा नवे चित्रपट लागले. पहिल्या दोन चित्रपटांच्या चौथ्या ओळीवर त्याने लिहिलं, 'साफ'. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी 'ठीक'. पाचव्याला लिहिलं, 'अस्पष्ट'. मग सहाव्यालाही, आणि पुढच्यालाही. गाण्यांच्या ओळीवर येऊ लागलं, "चाल बरी. शब्द कळत नाहीत." एका चांगल्या गोष्टीखाली त्याने लिहिलं, "संवाद पुटपुटल्यासारखे. कान दुखेपर्यंत ताणावे लागतात. घरी बसावं."

आणि लोक घरी बसले. जे गेले त्यांना सगळं ऐकू आलं होतं. पण माणसांची गंमत अशी, की ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्याच्यापेक्षा आपलेच कान खोटे वाटतात.

"मला तर साफ ऐकू आलं बा," गुलाबराव एकदा म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "पण अंबादासचा कान बारीक आहे. त्याला बारकं कळते."

कारखान्यातल्या दुसऱ्या खात्यांतले लोकही शनिवारी इथला निकाल विचारून घेत. शहरात टॉकीजा दोन: एक चौकात, एक स्टेशनाकडे. चौकातल्या टॉकीजच्या रविवारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. तिथला ऑपरेटर आमच्याच वस्तीतला. सुखराम त्याचं नाव. पंधरा वर्षं त्याने ते जुनं मशीन तेल घालून, फुंकर मारून जपलं होतं.

होळीच्या आधीच्या गुरुवारी सुखराम ओसरीत आला. अंबादास बाकावर वर्तमानपत्र वाचत होता.

"अंबादासभाऊ, मशीन खोलून पायलं. दोनदा. एकदम ठीक है."

"काय म्हणता?"

"मशीन ठीक है म्हणून राहिलो," सुखराम जरा चढ्या आवाजात म्हणाला. "पण मॅनेजर म्हणतो, महाराजपूरचा फळा झूठ काहून लिहीन? त्याची तुझ्याशी काय दुश्मनी? नवा आदमी बोलावलाय सोमवारपासून. मले म्हणे, तू अब आराम कर."

अंबादासचा चेहरा उतरला. सुखराम त्याचा शेजारी होता. घरात तीन मुली, आजारी आई. तरी तो सावकाश म्हणाला, "सुखरामभैया, मी मनानं एक अक्षर लिहीत नाही. जे ऐकतो ते लिहितो. उद्या अजून एक पाहतो, टेसनाकडच्या टॉकीजात. साफ असला तर साफ लिहीन. पण तुमच्यासाठी खोटं लिहा म्हणाल, तर ते होणार नाही."

"खोटं लिहा, असं म्हटलं का मी?" सुखराम उठला. "एवढंच म्हटलं, की ठीक है." आणि निघून गेला.

शनिवारी सकाळी गुलाबरावांनी मला ओल्या फडक्याने पुसलं. दोनदा पुसलं. अंबादास खडू आणि सुतळी घेऊन आला. त्याच्या मागोमाग कलावती, हातात त्याचा विसरलेला डबा. तो माझ्याकडे तोंड करून सुतळीला खडू चोळत होता.

कलावती माझ्याकडे बघत थांबली. मग एकेक अक्षर लावत वाचू लागली. "अ... स... स्प... अस्प... ष्ट." जोडाक्षरं दोन, आणि दोन्ही तिने सोडवली. मग म्हणाली, "अवो, तुमी तर आज अजून खडू टेकवला नाही. मंग हे कोनं लिवलं?"

अंबादास काही बोलला नाही. सुतळी चोळत राहिला.

"तुमाले इचारून राहिली मी."

तो वळला नाही. ती त्याच्यापासून तीन हातांवर होती.

मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं. ती हळू आवाजात, नेहमी घरात बोलते तशी म्हणाली, "घराले आग लागली." तो रेघ मारण्यासाठी सुतळी ताणत होता. टिचकी मारली. रेघ उमटली.

गुलाबराव दारात फडकं धरून तसेच उभे राहिले.

कलावतीने पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकून वळला. तिने माझ्याकडे बोट केलं. आता ती मोठ्याने, सुटं सुटं बोलली. "हा शब्द पुसून बी निघत नाही. किती डाव लिवला तुमी?"

"सहा डाव," अंबादास म्हणाला. "आज सातवा."

"साऱ्या एकाच टॉकीजात?"

"नाही. तीन चौकात. तीन टेसनाकडं. कालचा बी टेसनाकडंच."

"टेसनाकडची मशीन तर नवी हाय म्हणता. मशीनी दोन, अन् शब्द एकच काहून?"

अंबादास माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या चौथ्या ओळीवर, त्याच्याच हाताचा, त्याच्याच वळणाचा शब्द होता. दर वेळी तो एकाच जागी बसला होता, कारण त्याची रेघ कधी केसभरही हलली नव्हती. त्याने बोटाने तो चोळून पाहिला. नखाने खरवडून पाहिला.

"तू आताच काही बोलली होती का?" त्याने विचारलं.

"तीन डाव."

"घरी बी असंच होते?"

कलावतीने मान खाली घातली. "मले वाटे, तुमी पिक्चरच्या विचारात राहता. म्हणून म्या बी कमी बोलाले लागली."

वीस वर्षं घणाच्या आवाजात काढलेला माणूस. कान एका दिवसात जात नाहीत. शुक्रवार-शुक्रवारने जातात, आणि ज्याचे जातात त्याला जगच पुटपुटतंय असं वाटतं.

ओसरीपुढे माणसं जमायला लागली होती, निकाल वाचायला. सुखरामही लांब, कोपऱ्यावर उभा होता. अंबादासला 'साफ' एवढं लिहून गप्प बसता आलं असतं. कलावती आणि गुलाबरावांखेरीज कुणाला काही कळलं नसतं. पण सोमवारी नवा माणूस येणारच होता. एका 'साफ'ने आधीचे सहा शब्द पुसले गेले नसते.

त्याने चित्रपटाचं नाव लिहिलं नाही. उरलेल्या रेघा मारल्या आणि चारही रेघांवर सरळ अक्षरात लिहिलं:

"मी सहा चित्रपटांचा आवाज अस्पष्ट लिहिला. आवाज साफ होता. दोष माझ्या कानांत आहे, तो मला आज कळला. ऑपरेटर सुखराम यांच्या मशीनमध्ये किंवा हातात काही कमी नव्हतं. ते सहा निकाल रद्द. अंबादास."

मग निकालाच्या जागी त्याने लिहिलं, "समीक्षक: घरी बसावं."

खडू ठेवला. हात झटकले.

कलावतीने गुलाबरावांच्या हातातलं फडकं घेतलं. बाकीच्या अक्षरांना धक्का न लावता शेवटचे दोनच शब्द पुसले. मग खडू उचलला. वर्ग सोडल्यापासून तिने माझ्यावर काही लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर तिने इतकं दाबून काढलं, की खडू दोनदा मोडला. पण आता त्या जागी होतं: "सहकुटुंब पाहावा."

अंबादासने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"डोये तुमचे शाबूत हायेत," ती मोठ्याने म्हणाली. "कान माझे घ्या. आन आता काम-काम म्हणू नका. मले बी टॉकीज पाहाची हाय."

कोपऱ्यावरून सुखराम पहिल्यांदा हसला. "भाभी, शुक्रवारी या. पंख्याखालची जागा धरून ठेवतो." मग त्याच्या लक्षात आलं आणि हसू मावळलं. "म्हणजे, मी असलो तर."

अंबादासला ते ऐकू गेलं नसावं, पण त्याने सुखरामचा चेहरा पाहिला. त्याने माझ्यावरचा मजकूर कागदावर उतरवला, खाली सही केली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारची हजेरी चुकवून सायकल शहराकडे वळवली. मॅनेजर काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. गुलाबरावांनी सांगितलं ते असं: त्याने कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाला, "ऐसा आदमी पहली बार देखा. चलो, एक महीना और." महिना झाला, मग वर्ष झालं. नवा माणूस कधी आला नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. अंबादासला पुढच्या सालापासून पेन्शन. मशीन जुनं झालं तसा सुखरामही झाला, पण दोघंही अजून चालतात. दर शुक्रवारी अंबादास सायकलवर पुढे बघत आणि कलावती मागच्या कॅरिअरवर बसून, अशी ती दोघं शहरात जातात. परत आल्यावर ती त्याला संवाद आणि गाणी सांगते, अर्थात मोठ्याने. त्यामुळे माझ्यावर निकाल उमटायच्या आतच अर्ध्या वस्तीला तो भिंतीआडून कळलेला असतो. तरी शनिवारी लोक येतात. वरच्या तीन ओळी त्याच्या सरळ हस्ताक्षरात असतात. चौथी तिच्या वाकड्या. मागच्याच आठवड्यात तिने लिहिलं होतं, "आवाज साफ. नायक फार बोलतो. थोडं अस्पष्ट ऐकू आलं तरी चालेल." जोडाक्षर आता तिला अडवत नाही.

परवा गुलाबरावांनी ठरवलं, की मला रंगाचा तिसरा हात द्यायचा. रंगारी गुरुवारी येणार आहे. त्याला कोणी भेटलं तर माझा निरोप सांगा. वरच्या तीन ओळींवर आणि खाली निकालाच्या जागी मन भरून रंग लाव. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला वीतभर जागा आहे. जवळून पाहिलं तर तिथे एक जुना शब्द अजून दिसतो. तेवढ्यावरून ब्रश हलकाच फिरव.

आणि रंग असा दे, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाळला पाहिजे. शनिवारी सकाळी मला काम आहे.